हात सोडा, विमान उडतंय!

शाळेत असताना हँडल सोडून सायकल चालवली होती ना? आता विमान तसं चालवायचं म्हटलं तर? इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात १९१४ मध्ये अगदी तसंच विमान तयार झालं. नाव बी.ई.२सी.

त्याचं आधीचं रूप, बी.ई.२, जेफ्री डी हॅविलंडने बनवलं आणि १९१२ मध्ये ते उडालं. एकावर एक दोन पंख, दोघांची बसायची सोय आणि काम टेहळणीचं. शत्रूच्या डोक्यावरून फिरायचं, काय दिसलं ते परत येऊन सांगायचं. पण वैमानिक सतत तोल सांभाळण्यातच गुंतला, तर खाली बघणार कधी? म्हणून एडवर्ड बस्क या तरुण इंजिनीअरने गणितं मांडून, स्वतः उड्डाणं करून त्यात बदल केले. आता वाऱ्याने कलंडलं तरी विमान आपणहून सरळ व्हायचं. पुढे नोव्हेंबर १९१४ मध्ये हेच विमान उडवताना हवेत आग लागून बस्क गेला.

१९१५ मध्ये खेळच बदलला. जर्मनांचं फॉकर आलं. त्याची मशीनगन फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडायची. आता जगायचं तर झटकन वळायला हवं, आणि बी.ई.२सी तर सरळच राहू बघायचं! त्यात निरीक्षकाची जागा पुढे. चहूबाजूंनी पंख, खांब, तारा. बंदूक रोखणार तरी कुठे? तरीही उत्पादन चालूच राहिलं. सगळे प्रकार धरून सुमारे साडेतीन हजार विमानं बनली आणि १९१७ च्या एप्रिलमध्येही पोरं त्यातूनच आघाडीवर जात होती.

गंमत म्हणजे, हाच दोष रात्री गुण ठरला. अंधारात क्षितिज दिसत नाही, तेव्हा आपला तोल आपण राखणारं विमान म्हणजे मोठाच आधार. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे विल्यम लीफ रॉबिन्सनने बी.ई.२सीमधूनच एक जर्मन हवाई जहाज पाडलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. वय २१, जन्म आपल्याकडच्या कूर्गचा.

तेव्हा प्रोजेक्ट करताना 'डिझाइन भारी आहे का?' एवढंच विचारू नका. ते कशासाठी बनलं होतं आणि आज आपण त्याच्याकडून काय मागतोय, तेही विचारा. बी.ई.२सीबद्दल हा प्रश्न वेळेवर सुटला नाही. त्याची किंमत तुमच्याच वयाच्या मुलांनी मोजली.