पक्ष्याभोवतीची जागा

पक्ष्यांच्या फोटोंची सुरुवात घरट्यापासून झाली. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी १८९२ साली अंड्यांसकट एका घरट्याचा फोटो घेतला. पुढे जवळ जाता यावं म्हणून चक्क कातड्याचा पोकळ बैल बनवून त्यात दडून बसले. काचेच्या जड प्लेटा, मंद शटर. पक्षी हमखास परतणार अशी जागा एकच. पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ साली घुबडाच्या हल्ल्यात गेला, तरी कॅमेरा सुटला नाही. चौकट मात्र घरटंच ठरवत असे. अमेरिकेत एलियट पोर्टर यांनी पानाफांद्यांना पक्ष्याइतकाच मान दिला, आणि १९४३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचे रंगीत पक्षी भिंतीवर लागले.

आज अनेक स्पर्धा घरट्यावरचे फोटो नाकारतात, हे उत्तमच. पण लांब लेन्सांनी वेगळीच खोड लावली आहे: पक्ष्याने चौकट ठासून भरायची. पिसन् पिस दिसतं, पण पक्षी आधारकार्डावरच्या माणसासारखा, कुठला ते कळू नये असा.

भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, याचा उतारा मिळतो. शेकाट्या घ्या. काठावर उभं राहून टिपला तर मागे नुसता चिखल. नावेच्या कडेशी वाकून कॅमेरा पाण्यालगत आणला, की मागचा काठ लांब जाऊन विरघळतो आणि पक्षी आपल्या डोळ्यासमोर येतो. मग त्याचे लांबसडक गुलाबी पाय प्रतिबिंबासकट पुरे येऊ द्यावेत. अर्ध्यात कापलेलं प्रतिबिंब फार खुपतं. तो बघतो त्या बाजूला मोकळं पाणी ठेवावं. डोळ्यावरचा फोकस हल्ली कॅमेराच धरतो. वाचलेलं लक्ष मागच्या काड्याकुड्यांकडे द्यावं. गडद पाण्यावरचा बगळा असेल तर कॅमेरा फसतो, पांढरी पिसं जळून जातात. एक्स्पोजर हातानेच खाली ओढावं लागतं.

आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीतही ते दिसतात (२०१५पासून तिथे अभयारण्य आहे), पण नावेतून थवा उडवून घेण्याची हौस कुठेही तीच. मला ते उडालेले फोटो कंटाळवाणे वाटतात. गुलाबी ठिपक्यांचा गोंधळ, आणि पक्ष्यांचं खाणं बुडालं ते वेगळंच. चोची उलट्या बुडवून चिखल गाळणाऱ्या रांगेत मानांची जी वळणं जुळतात, ती हवेत कुठली?

उडता पक्षी हवाच असेल तर वारा बघावा. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, म्हणून ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी आले की ते समोरून येतात. वाऱ्याचं नावाडीदादांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. भाडं ठरवतानाच सांगून टाकावं: थव्याच्या बरंच अलीकडे इंजिन बंद, पुढे बांबूने.