पाठीच्या कण्यांतील रक्ताच्या वाटा

पाठदुखीचें गाऱ्हाणें ज्या घरांत कधींच ऐकूं येत नाहीं, असें घर विरळाच. आजोबांचें वय, सासूबाईंचें ओणवें काम, चिरंजीवांची कचेरींतील दिवसभराची बैठक, ह्यांपैकीं कोणतें ना कोणतें कारण पुढें येतें. तेल चोळलें जातें, शेक दिला जातो, आणि बहुतेक वेळां दुखणें ओसरतेंही. स्नायूंच्या दुखण्यास हे उपाय पुरतात, ह्याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु कण्याच्या आंत जो नाजूक मेरुरज्जु आहे, त्याच्या रक्तपुरवठ्याची व्यवस्था मोठी काटकसरीची आहे. तींत बिघाड झाला म्हणजे शेकानें भागत नाहीं. ही व्यवस्था वाचकांस थोडक्यांत समजावून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मेंदूपासून निघून कण्याच्या पोकळींतून खालीं उतरणारा हा रज्जु प्रौढ पुरुषांत सुमारें ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. त्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या फुटतात. हातापायांची हालचाल, स्पर्शाचें ज्ञान, मलमूत्रावरील ताबा, हें सर्व त्याच्याच द्वारें चालतें.

हृदयाकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या नलिकेस रोहिणी म्हणतात व रक्त परत नेणाऱ्या नलिकेस नीला. मेरुरज्जूच्या लांबीभर तीन रोहिण्या जातात. पुढच्या बाजूस एक व मागच्या बाजूस दोन. पुढची एकटी रज्जूच्या सुमारें दोन-तृतीयांश भागाचें पोषण करते. ती मानेंतील दोन रोहिण्यांच्या शाखा मिळून सुरू होते. पण वरून आलेलें रक्त तळापर्यंत पुरत नाहीं. म्हणून महारोहिणीच्या शाखा वाटेंत भर घालतात. ह्या शाखा मणक्यागणिक दोन्ही बाजूंस निघून पाठीची त्वचा, स्नायु व हाडें ह्यांस रक्त देतात आणि एक बारीक फांटा कण्याच्या आंत धाडतात. मात्र बहुतेक फांटे मज्जातंतूंच्या मुळाशींच संपतात. पुढच्या रोहिणीपर्यंत पोंचणारे फांटे साधारणतः सहा ते दहाच.

त्यांतील सर्वांत मोठ्या फांट्याचें वर्णन क्राकोव्ह येथील अध्यापक आल्बर्ट आदामकीविच ह्यांनीं १८८१-८२ सालीं केलें, व तो आजही त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. बहुतेक माणसांत तो डावीकडून, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्याच्या दरम्यान आंत शिरतो. रज्जूच्या खालच्या भागाची भिस्त मुख्यतः त्याच्यावर. ज्यांनीं बागेस पाटाचें पाणी दिलें आहे त्यांस ठाऊक असेल, कीं दोन पाटांचें पाणी जेथें जेमतेम पोंचतें, तो वाफा प्रथम सुकतो. छातीच्या मध्याजवळील रज्जु हा असाच वाफा होय. महारोहिणीवर मोठी शस्त्रक्रिया करतांना पाय लुळे पडण्याचा धोका असतो तो ह्याच कारणानें. म्हणून शल्यवैद्य रक्तदाब उतरूं देत नाहींत, आणि प्रसंगीं रज्जूभोंवतालचें पाणी थोडें काढून त्यावरील दाब हलका करतात.

आतां परतीची वाट पाहूं. पायांच्या नीलांत रक्त माघारी फिरूं नये म्हणून झडपा असतात. कण्याच्या नीलांत त्या बहुधा नसतात. त्यामुळें तेथें रक्त दोन्ही दिशांस वाहूं शकतें. खोकतांना वा कुंथतांना पोटांतील दाब वाढला कीं तें कण्याकडे लोटलें जातें. फिलाडेल्फिया येथील ऑस्कर बॅटसन ह्यांनीं १९४० सालीं दाखवून दिलें, कीं प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग मणक्यांत पोंचण्यास ही वाट मोकळी आहे. हीच एकमेव वाट नव्हे, असें आज मानितात. तथापि वृद्ध पुरुषाची नवी पाठदुखी रात्रीं अंथरुणावर पडूनही थांबत नसेल, तर ती अंगावर काढूं नये.

परतीची वाट तुंबल्यानेंही रज्जूची हानि होते. कधीं त्याच्या आवरणांत एखादी रोहिणी थेट नीलेस जोडली जाते. मग जोराचें रक्त नीलांत शिरून त्या तुडुंब भरतात, आणि रज्जूंतील रक्तास बाहेर पडण्यास वाव राहत नाहीं, रज्जु सुजतो. हा विकार विरळा आहे, व बहुधा पन्नाशी उलटलेल्या पुरुषांस होतो. चालतांना पाय जड होतात, पुढें लघवीस अडथळा येतो. घरचीं माणसें म्हणतात, "वय झालें". कधीं वैद्यही कमरेच्या मणक्यांस दोष देतात, आणि महिन्यांमागून महिने जातात. वस्तुतः एम्. आर्. आय्. तपासणींत रज्जूची सूज व फुगलेल्या नीला दिसूं शकतात. आणि तो जोड शस्त्रक्रियेनें, किंवा बारीक नळीवाटे गोंदासारखा पदार्थ सोडून, बंद करतां येतो. त्यानें विकाराची वाढ थांबते. पण गेलेली शक्ति सगळी परत येईलच असें नाहीं. जी शिल्लक असेल तीच बहुधा राखतां येते. येथें दवडलेला काळ भरून येत नाहीं तो असा.

एकत्र कुटुंबांत वडील माणसें लघवीची तक्रार संकोचानें सुनेजवळ बोलत नाहींत, आणि मुलांस कचेरीहून परततां रात्र होते. म्हणून विचारण्याचें काम घरांतील कोणीतरी आपल्याकडे घ्यावें. पायांतून वहाण नकळत निसटते काय? पायांस ऊन-थंड कळेनासें झालें आहे काय? लघवी अडते काय, किंवा नकळत होते काय? ह्यांपैकीं एकाचेंही उत्तर होकारार्थी आल्यास तेलाची वाटी बाजूस ठेवून लवकर डॉक्टरांची भेट घ्यावी. आणि पाठींत एकाएकीं तीव्र कळ येऊन कांहीं तासांत दोन्ही पायांतील बळ जाऊं लागलें, अथवा लघवी एकाएकीं बंद झाली, तर सकाळची वाट न पाहतां त्याच रात्रीं मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा.