पाळीव श्वान आणि उपाहारगृहाचा उंबरठा : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरणाऱ्या माउलींच्या पालखीचा मुक्काम, कांद्याची मोठी बाजारपेठ आणि पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक म्हणून लोणंदची ख्याती जुनी आहे, आणि मेंढरांच्या कळपामागून चालणारा किंवा वस्तीची राखण करणारा कुत्राही या मुलखाला अपरिचित नाही. मात्र गळ्यात पट्टा घालून, मोटारीच्या मागल्या आसनावर बसून आलेला कुत्रा धन्याच्या पाठोपाठ थेट हॉटेलात शिरतो तेव्हा गल्ल्यावरचा मालक, कुत्र्याचा धनी आणि शेजारच्या टेबलावरचे गिऱ्हाईक यांच्यात जी हुज्जत जुंपते, तीत तिन्ही पक्ष आपापल्या समजुतीलाच कायदा मानून बोलत असतात. या वादात प्रेम किंवा किळस हे प्रमाण धरले तर निवाडा होणे कठीण. परंतु जागा कोणती आणि तिथे काय विकले जाते एवढे पाहिले, तर बहुतेक गुंता सुटतो.

गैरसमज १ : कुत्र्याला मज्जाव ही केवळ हॉटेलमालकाची लहर आहे.

वस्तुस्थिती : अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा असून त्याखाली २०११ साली परवाना व नोंदणीविषयक जे विनियम अमलात आले, त्यांच्या चौथ्या अनुसूचीत, उंदीर-घुशी व कीटक यांना अटकाव करण्याच्या कलमातच, जनावरे, पक्षी व पाळीव प्राणी यांना अन्नव्यवसायाच्या आवारात येऊ देऊ नये असे नमूद आहे. अस्वच्छ परिस्थितीत अन्न बनविणे वा त्यावर प्रक्रिया करणे याबद्दल कायद्याच्या ५६व्या कलमान्वये एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो भरावा लागतो तो अन्नव्यवसाय करणाऱ्यास, कुत्रा आणणाऱ्या गिऱ्हाइकास नव्हे. ज्याच्या परवान्यावर बालंट यायचे त्याने दारात हात आडवा केला, तर त्याला निर्दय म्हणणे न्याय्य ठरत नाही.

गैरसमज २ : चहाची टपरी, ढाब्याची उघडी बाग किंवा किराणा दुकान यांना हा नियम लागू नाही; शिवाय कुत्रा लहान असून मांडीवरच बसत असेल तर हरकत कसली?

वस्तुस्थिती : ‘आवार’ या संज्ञेत काय काय मोडते हे त्याच कायद्याने व्याख्येत सांगितले आहे, आणि त्या व्याख्येत दुकान, टपरी, हॉटेल, उपाहारगृह यांच्याबरोबर खाद्यपदार्थ विकणारे वाहनदेखील येते. डाळ-तांदळाची पोती उघडी मांडलेले किराणा दुकान म्हणूनच या बाबतीत खानावळीच्या पंक्तीला बसते. जनावराच्या आकारमानावरून, जातीवरून किंवा त्याला त्या दिवशी घातलेल्या आंघोळीवरून विनियमाने कोठेही भेद केलेला नाही.

गैरसमज ३ : विलायतेत सर्रास चालते, पुण्या-मुंबईच्या काही उपाहारगृहांतही चालते; तेव्हा आपल्याकडची मनाई मागासलेपणाची आहे.

वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये स्वयंपाकाच्या व अन्न हाताळण्याच्या जागी कुत्र्याला बंदी असली, तरी गिऱ्हाइकांच्या बैठकीत त्याला येऊ द्यावे की न द्यावे हे मालकाच्या मुनसफीवर सोडले आहे, हे खरे. परंतु अमेरिकेत सर्वसाधारण नियम मनाईचाच असून, अंधांना वाट दाखविणाऱ्या किंवा अपंगत्वाशी निगडित अशाच अन्य कामाचे शिक्षण दिलेल्या साहाय्यक श्वानाला १९९०च्या अपंगहक्क कायद्याने मुभा मिळाली आहे. केवळ सोबतीने धन्याच्या मनाला धीर देणारा कुत्रा त्या सवलतीत बसत नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०१५पासून उपाहारगृहांच्या बाहेरच्या बैठकीपुरती वाट मोकळी केली, तीदेखील रीतसर कायदा करून आणि स्वच्छतेच्या अटी घालून. सारांश, देशोदेशीचे नियम भिन्न आहेत, आणि एखाद्या शहरात पडलेला प्रघात म्हणजे कायद्याने दिलेली परवानगी नव्हे.

गैरसमज ४ : प्राणिकल्याण मंडळाचा आदेश असल्यामुळे पाळीव कुत्र्याला कोणीही कोठेही अडवू शकत नाही.

वस्तुस्थिती : भारतीय प्राणिकल्याण मंडळाने २०१५ साली प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचना निवासी सोसायट्यांना उद्देशून आहेत, सभासदास कुत्रा पाळण्यास बंदी करू नये, उद्वाहनाचा वापर नाकारू नये, अशा स्वरूपाच्या त्या आहेत. राहत्या घराविषयीचा हा हक्क दुसऱ्याच्या दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत ताणता येत नाही. उलटपक्षी, कापडाचे, भांड्यांचे किंवा पुस्तकांचे दुकान असेल तर अन्नसुरक्षेच्या विनियमांचा तेथे संबंध नसल्याने मालकाने खुशाल परवानगी द्यावी किंवा नाकारावी. तथापि मालकाने ‘या’ म्हटले म्हणून धन्याची जबाबदारी संपत नाही, कारण आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसास इजा होऊ नये एवढी खबरदारी जाणूनबुजून किंवा हयगयीने न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

गैरसमज ५ : लस टोचलेली आहे, म्हणजे कुत्रा सर्वस्वी निर्धोक.

वस्तुस्थिती : पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर टोचावयाची आणि पुढे दरवर्षी द्यावयाची रेबीजची लस ही रेबीजपुरतीच ढाल आहे. जंत, साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे आतड्याचे जंतू, मूत्रावाटे पसरणारा लेप्टोस्पायरा आणि नायटा यांच्याशी तिचा काही संबंध नाही. शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरणाऱ्या गावाने विशेष ध्यानात ठेवावा असा यांतील एक जंत म्हणजे एकायनोकॉकस : कापलेल्या मेंढराचे कच्चे काळीज किंवा फुप्फुस कुत्र्यापुढे टाकले की त्यातील गाठींवाटे हा जंत कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून केसांनाही चिकटतात, आणि कुत्र्याला कुरवाळलेला हात न धुता घास घेतला तर तीच अंडी माणसाच्या पोटात जाऊन यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षे वाढणारी गाठ निर्माण करू शकतात. म्हणून लसीइतकेच वेळच्या वेळी दिलेले जंताचे औषध, कच्च्या मांसाचा त्याग आणि साबणाने धुतलेले हात महत्त्वाचे आहेत.

गैरसमज ६ : कुत्रा शेजारून गेला, त्याचा केस ताटात पडला, तरी रेबीज होतो.

वस्तुस्थिती : ही भीती दुसऱ्या टोकाची आणि तितकीच निराधार आहे. रेबीजचा विषाणू बाधित प्राण्याच्या लाळेत असतो आणि तो चाव्यावाटे, ओरखड्यावाटे, किंवा जखमेला अथवा डोळे-तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेला लाळ लागल्याने शरीरात शिरतो. अखंड त्वचेला झालेल्या नुसत्या स्पर्शाने तो शिरत नाही. मात्र चावा किंवा ओरखडा झालाच, तर हळद-चुना भरीत न बसता जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

गैरसमज ७ : हॉटेलात आलेल्या कुत्र्याला आपल्या ताटातले दोन घास देण्यात पुण्यच आहे.

वस्तुस्थिती : ज्या कांद्यावर लोणंदची पेठ उभी आहे तोच कांदा कुत्र्याला विषासमान आहे. कच्चा, शिजवलेला, तळलेला, कोणत्याही रूपातला कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. शरीराच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम एवढ्या प्रमाणातही अपाय दिसू लागतो, आणि लक्षणे काही दिवसांनी प्रकट होत असल्याने कांदाभज्यांचा दोष कोणाच्या लक्षात येत नाही. मनुका आणि चॉकलेट हीदेखील त्याला वर्ज्य. तरीही ‘आत घेत नाहीत, तर गाडीतच राहू दे’ हा उपाय त्याहून घातक होय. बाहेर २४ अंश उष्मा असताना उन्हातल्या बंद मोटारीत अर्ध्या तासात ४० अंशांच्या वर तापमान जाते, आणि प्राण्याला अशा यातनांत कोंडणे १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

गैरसमज ८ : कुत्र्याला दाराबाहेर ठेवणे म्हणजे त्याला हीन लेखणे होय.

वस्तुस्थिती : दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान बसविणाऱ्या आणि खंडोबाच्या परिवारात श्वानाला स्थान देणाऱ्या या प्रदेशाने त्या प्राण्याचा सन्मान कधी नाकारलेला नाही. साताऱ्याच्या छत्रपती शाहूंनी तर, इतिहासकार ग्रँट डफने नोंदविल्याप्रमाणे, वाघाच्या शिकारीत आपला जीव वाचविणाऱ्या कुत्र्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान दिला आणि भरदरबारात त्याला जरीवस्त्रे व जवाहीर घालून बसविले. त्याची म्हणून दाखविली जाणारी समाधी संगम माहुलीला आजही आहे. परंतु दरबार ही राजाची जागा होती, आणि तिथे कोणाला बसवावे हा राजाचा अधिकार होता. उपाहारगृह ही पोटासाठी आलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाची जागा आहे. त्यात कुत्र्याला भिणारे मूलही आले आणि केसांनी दमा बळावणारा वृद्धही आला. प्रतिष्ठेचा आणि प्रवेशाचा असे हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

व्यवहारात करावयाचे ते थोडे आहे. हॉटेलमालकाने मनाईचा फलक ठळक मराठीत दाराशी लावावा आणि नियम सर्व गिऱ्हाइकांना सारखाच लावावा, म्हणजे पक्षपाताचा आरोप उरत नाही. शक्य असेल तर आवाराबाहेर सावलीची जागा आणि पाण्याचे भांडे ठेवावे, त्याला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. धन्याने कुत्रा बरोबर असताना पार्सल बाहेर मागवावे, किंवा घरच्या दोघांनी आळीपाळीने जेवावे. गिऱ्हाइकास आक्षेप असेल तर त्याने कुत्र्यावर काठी न उगारता आधी मालकास सांगावे, आणि तेवढ्याने न भागल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करून दाद मागावी. कारण आवाराच्या स्वच्छतेचा जाब ज्याला द्यावयाचा आहे तो परवानाधारक आहे, कुत्रा नव्हे.