कुटुंब न्यायालयाचे दप्तर

कुटुंब न्यायालयातला खटला दोन-चार वर्षांत संपतो. त्याची फाईल मात्र पक्षकारांच्या मागे जन्मभर राहते. घटस्फोटाचा हुकूमनामा पुनर्विवाहाच्या वेळी दाखवावा लागतो आणि पासपोर्टवरून जोडीदाराचे नाव काढताना लागतो. पुढे निवृत्तिवेतनाचा किंवा वारसाहक्काचा वाद उभा राहिला, की वीस-पंचवीस वर्षांनीही त्याची मागणी होते. अशा वेळी कागद मिळाला नाही, तर माणसाचे काम अडते, आणि बहुतेक वेळा ज्याच्याकडे वकील लावायला पैसे नाहीत त्याचेच अडते. म्हणून हे दप्तर कसे बनते आणि त्यातला कागद कसा शोधायचा, याची माहिती सर्वसाधारण पक्षकाराला असायला हवी.

कुटुंब न्यायालये अधिनियम १९८४ सालचा. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या प्रत्येक शहरासाठी असे न्यायालय स्थापन करावे, असे त्याच्या कलम ३ मध्ये सांगितले आहे. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे १९८९ साली ही न्यायालये सुरू झाली. मुंबईचे न्यायालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पुण्याचे शिवाजीनगरला. विवाहाची वैधता, घटस्फोट, वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना, पतिपत्नींमधले मालमत्तेचे वाद, पोटगी, मुलांचा ताबा आणि पालकत्व हे सगळे विषय एका छताखाली यावेत, हा कायद्याचा हेतू होता. तोवर घटस्फोट एका न्यायालयात आणि पोटगी दुसऱ्या न्यायालयात, अशी पक्षकारांची धावपळ होत असे.

ही धावपळ अजून सगळीकडे थांबलेली नाही. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे हिंदू विवाह कायद्याखालचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे जातो आणि पोटगीचा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालील अर्जही मूलतः दंडाधिकाऱ्यांपुढेच चालतो. पारशी समाजाचे वैवाहिक दावे मुंबईत उच्च न्यायालयात चालतात. १९८९ पूर्वीचे कागद अर्थातच जुन्या दिवाणी न्यायालयांच्या अभिलेख कक्षांत आहेत, आणि ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्याही मागे जातात, कारण मुंबई प्रांताने हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा स्वतःचा कायदा १९४७ मध्येच केला होता. एकाच जोडप्याच्या भांडणाचे कागद दोन-तीन इमारतींत विखुरलेले असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. त्यामुळे कोणत्या वर्षी, कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या न्यायालयात प्रकरण चालले, हे ठरवल्याशिवाय शोध सुरूच होत नाही.

अर्ज कुठे दाखल करायचा, हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ वरून ठरते. लग्न जिथे लागले, जाबदार जिथे राहतो किंवा दोघे शेवटी जिथे एकत्र राहिले, तिथे अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती स्वतः राहते तिथेही अर्ज करण्याची मुभा मिळाली. माहेरी परतलेल्या बाईसाठी या दुरुस्तीचे मोल फार मोठे आहे. त्याआधी, १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने राज्य शासनाने पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचार या बाबतींत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केले. ही माफी अनेकींना ठाऊकच नसते.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र आणि दस्तऐवजांची यादी जोडली जाते. विवाहनोंदणीचा दाखला नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नातले फोटो पुरावा म्हणून पुढे येतात. पोटगीचा प्रश्न असेल तर दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी उघड करणारे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात त्याचा नमुनाच ठरवून दिला. वकिलाशिवायही अर्ज करता येतो. कुटुंब न्यायालये अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालय तशी परवानगी देते.

दाखल करतानाची सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे नाव. महाराष्ट्रात लग्नानंतर स्त्रीचे आडनाव आणि मधले नाव बदलते, आणि अनेक घरांत पहिले नावही बदलले जाते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, आणि अर्जात वकिलाच्या कारकुनाने टंकलेले तिसरे, असे होऊन बसते. त्यात संगणकावरची नोंद रोमन लिपीत झाली, की एकाच आडनावाची चार स्पेलिंगे संभवतात. पंधरा वर्षांनी हुकूमनाम्यावरचे नाव आधारकार्डाशी जुळत नाही म्हणून कचेरीतून परत पाठवलेल्या स्त्रीला हे दुखणे चांगले कळते. अर्जाच्या शीर्षकातच ‘ऊर्फ’ घालून माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही पूर्ण नावे लिहिणे एवढाच यावर इलाज आहे. त्याला एक ओळ जास्त लागते. पुढे कागद सापडेल की नाही, हे बरेचसे त्या ओळीवर ठरते.

अर्ज तपासून झाला की त्याला क्रमांक मिळतो. पुण्या-मुंबईत प्रकरणाचा प्रकार अक्षराने दाखवतात: विवाहविषयक याचिकेला ‘पी.ए.’, मुलांच्या ताब्याला ‘पी.डी.’, फौजदारी प्रक्रियेतल्या पोटगीला ‘पी.ई.’ आणि परस्पर संमतीच्या घटस्फोटाला ‘पी.एफ.’. त्यापुढे अनुक्रमांक आणि वर्ष येते. याखेरीज प्रत्येक प्रकरणाला सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो देशभरात त्या एकाच प्रकरणाचा असतो. प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेले तरी तो तसाच राहतो.

फाईलच्या आत प्रत्येक कागदाला निशाणी क्रमांक पडतो. मूळ अर्ज निशाणी १. तात्पुरत्या दिलाशाच्या अर्जाला दिवाणी परंपरेत निशाणी ५ पडते, इतकी की वकील त्या अर्जालाच ‘निशाणी पाच’ म्हणतात. त्यावर जाबदाराचे म्हणणे येते, मग आदेश होतो. या सगळ्याची वाट दाखवतो तो रोजनामा. कोणत्या तारखेला कोण हजर होते, कोणता अर्ज आला, काय आदेश झाला आणि पुढची तारीख कोणती, एवढे तो थोडक्यात सांगतो. जाड फाईलमधले नेमके काय हवे हे ठाऊक नसेल, तर आधी रोजनाम्याची नक्कल घ्यावी आणि त्यावरून निशाणी क्रमांक हेरून पुढची मागणी करावी. सगळ्या फाईलची नक्कल मागून पैसे आणि दिवस घालवण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही चांगला.

एक भाग मात्र या दप्तरात पुराव्यासाठी सापडत नाही, आणि सापडू नये हेच योग्य. विवाह समुपदेशकापुढे पतिपत्नी जे बोलतात ते गोपनीय असते. समुपदेशकाच्या टिपणांचा पुरावा म्हणून वापर होत नाही. तडजोड झाली तर तिच्या अटी तेवढ्या फाईलवर येतात. साक्षीही इथे आटोपशीर नोंदवल्या जातात: कुटुंब न्यायालये अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे साक्षीचा सारांश पुरेसा मानला आहे, आणि कलम १७ प्रमाणे न्यायनिर्णयात थोडक्यात हकीकत, मुद्दे, निर्णय आणि कारणे असावी लागतात.

निकालानंतर दोन कागद वेगळे ओळखावे लागतात. न्यायनिर्णय कारणे सांगतो. हुकूमनामा अंतिम परिणाम सांगतो. पुनर्विवाहासाठी आणि सरकारी कामासाठी मुख्यतः हुकूमनामा विचारला जातो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य मिळायला हवी. ती त्याच वेळी मागून घ्यावी.

पुढच्या प्रती नक्कल विभागात अर्ज करून मिळतात. सही-शिक्क्याच्या नकलेवर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची, अशा तारखा असतात. त्यांना फार किंमत आहे. नक्कल मिळवण्यात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, आणि तो हिशेब या तारखांवरूनच होतो. म्हणून अशा नकलेचे शेवटचे पान कधीही वेगळे करू नये.

जुने प्रकरण शोधताना सीएनआर क्रमांक हाती असेल तर ई-कोर्ट सेवेवर त्याची स्थिती दिसते. तो नसेल तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष घालून शोधता येते. इथे नावाच्या वेगवेगळ्या रूपांनी पुन्हापुन्हा प्रयत्न करावा लागतो. संगणकपूर्व काळातल्या प्रकरणासाठी त्या-त्या वर्षीच्या नोंदवह्या पाहाव्या लागतात आणि त्यासाठी शोध अर्ज द्यावा लागतो. वर्ष नक्की आठवत नसेल तर जुनी नोटीस, पोटगीची पावती किंवा वकिलाचे पत्र उपयोगी पडते. अशा एखाद्या कागदाच्या कोपऱ्यात प्रकरणाचा क्रमांक असतोच.

त्रयस्थाला ही दारे सहज उघडत नाहीत. कुटुंब न्यायालये अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे एका पक्षाने मागितले तरी सुनावणी बंद दाराआड होते, आणि हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ अशा कामकाजाच्या प्रसिद्धीला मनाई करते. पक्षकार नसलेल्याला कारण दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहितीच्या अधिकाराचा आडमार्गही चालत नाही; न्यायालयीन कागद न्यायालयाच्या नियमांनुसारच मागावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. संशोधकांची यात अडचण होते हे खरे, पण मोडलेल्या संसारातल्या मुलांचे हित त्याहून मोठे आहे.

गोव्यात पद्धत वेगळी आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी नोंदणीमुळे तिथे घटस्फोटाच्या निकालाची नोंद मूळ विवाहनोंदीच्या समासात केली जाते. एक नोंद पाहिली की विवाहाचा सगळा कायदेशीर इतिहास कळतो. महाराष्ट्रात विवाहाची नोंद निबंधकाकडे आणि हुकूमनामा न्यायालयात, असे दोन कागद कायमचे वेगळे राहतात. गोव्याची ही सोय महाराष्ट्रानेही स्वीकारावी, इतकी ती पक्षकाराच्या हिताची आहे.

सगळे कागद कायम ठेवले जात नाहीत. अभिलेखाचे वर्ग पाडले जातात. काही भाग कायमस्वरूपी जपतात, तर काही १९१७ च्या अभिलेख नष्ट करण्याच्या कायद्याखाली केलेल्या नियमांनुसार ठराविक मुदतीनंतर काढून टाकतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्यात जुन्या अभिलेखांचे अंकीकरण हे मोठे काम आहे. पक्षकाराने दाखल केलेले मूळ दस्तऐवज, म्हणजे मुलाचा जन्मदाखला, घराचे कागद, दागिन्यांच्या पावत्या, अपिलाची मुदत संपल्यावर किंवा अपिलाचा निकाल लागल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३ नियम ९ प्रमाणे अर्ज करून परत मिळतात. नाश करायच्या वर्गात ती फाईल जाण्याआधी तो अर्ज द्यावा.