परसबागेतील पाण्याचा हिशेब

ज्या सुरत शहराने २००६ सालच्या ऑगस्ट महिन्यात तापीचे रौद्र रूप पाहिले, उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागल्यामुळे ज्याचा बहुतेक भाग जलमय झाला, त्याच शहरातून पाण्याच्या काटकसरीविषयी लिहावयास बसणे काहींना विपरीत वाटेल. परंतु पूर आणि टंचाई ही एकाच नदीची दोन रूपे आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे पाणी आवरता आवरत नाही, तेच वैशाखात तांब्यातांब्याने मोजावे लागते.

आम्ही राहतो ते कोसाड तापीच्या उत्तरेस, रेल्वेने सुरत सोडल्यावर उत्राणच्या पुढे लागते. २००६ च्या हद्दवाढीत ते महानगरपालिकेत आले आणि नदीकाठच्या झोपड्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी येथे मोठी वसाहतही उभी राहिली. येथील मराठी घरांपैकी पुष्कळांचे मूळ जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडचे. म्हणजे गाव सुटले तरी नदी सुटलेली नाही. मुलताईस उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत येणाऱ्या तापीचे पाणी खानदेशातून, पुढे १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणातून आणि काकरापारच्या बंधाऱ्यावरून आपल्यापर्यंत पोचते. सुरतेस तर भरतीचे खारे पाणी वर चढू नये आणि गोडे पाणी साठून राहावे म्हणून १९९५ साली सिंगणपूर येथे आडबांध घालावा लागला. कालव्याच्या भाषेत बोलावयाचे तर आपण सारे शेपटाकडचे लोक आहोत. वरच्यांनी घेऊन उरलेले ते आपले.

हाच न्याय आपल्या गल्लीलाही लागू आहे. ठराविक वेळेस येणाऱ्या नळाला पहिल्या घराने नळी जोडून अंगणात सोडून दिली की शेवटच्या घराचा हंडा अर्धाच भरतो. त्यामुळे उन्हाळा आला की बागेवरून कुरबुर सुरू होते आणि ‘कशाला हवीत ही झाडे?’ असा प्रश्न घरातूनच निघतो. आमचे म्हणणे इतकेच, की झाडे काढण्याचे कारण नाही; पाणी घालण्याची रीत मात्र बदलावयास हवी.

प्रथम मोजमाप करावे. पंधरा लिटरची बादली आपल्या नळीखाली किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. दीड मिनिटात भरत असेल, तर मिनिटास दहा लिटर झाले. वीस मिनिटे नळी चालली तर दोनशे लिटर गेले. उलट, अंगणात बारा कुंड्या असतील आणि प्रत्येकीस दोन लिटर दिले, तर चोवीस लिटरांत काम भागते. हा हिशेब घरातील शाळकरी मुलाकडून करवून घ्यावा. तो त्याच्या पक्का स्मरणात राहतो आणि मग वडीलधाऱ्यांनाही नळी सोडून देण्याचा संकोच वाटू लागतो. कोल्हापूरकडे प्रयोग परिवार उभा करणारे श्री. अ. दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. बागाईत हीदेखील मोजून-मापून करावयाची विद्या आहे, ही दृष्टी त्यांनी शेकडो शेतकऱ्यांना दिली.

दुसरी गोष्ट मातीची. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते खरी. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि घातलेले पाणी मुळांना चुकवून खाली निघून जाते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ असे आपले शेतकरी म्हणत आले आहेत. परसबागेत कोळप्याचे काम खुरप्याने होते. वरचा दोन बोटांचा थर हलकेच मोकळा करावा, म्हणजे भेगा बुजतात. त्यावर वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचे चार बोटे आच्छादन घालावे. ऊन आणि वारा मातीला थेट लागेनासा झाला की ओल पुष्कळ दिवस टिकते, आणि कुजलेल्या पाल्याचे खत होते ते वेगळेच. आच्छादन खोडाला मात्र चिकटू देऊ नये. खोड कुजण्याची भीती असते.

तिसरी गोष्ट वेळेची. पाणी पहाटे अथवा दिवस मावळल्यावर घालावे. भर दुपारी घातलेल्या पाण्याचा बराच भाग वाफ होऊन जातो. शिवाय रोज वरवर शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड खोलवर जिरेल असे द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. कुंडीची माती थोडी आणि लवकर तापणारी. तिला हा नियम जसाच्या तसा लागू नाही. तेथे बोट पेरभर खुपसून पाहावे आणि ओल नसेल तरच पाणी द्यावे.

वैशाखात महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र टांगून गळती लावण्याची आपली प्रथा आहे. थेंबाथेंबाने, नेमक्या जागी, अखंड पाणी ही कल्पना त्यामुळे आपल्याला परकी नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इस्राएलमध्ये ती ठिबक सिंचनाच्या रूपाने शेतीत रुजली आणि पुढे आपल्या जळगावने तिचे मोठे कारखाने पाहिले. परंतु चार झाडांसाठी नळ्या विकत घेण्याची गरज नाही. मातीचे मडके पुरते. चीनमधील फान शेंगझी याच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील कृषिग्रंथात मडकी पुरून वेलांना पाणी देण्याची रीत आली आहे. रंग किंवा झिलई नसलेले, पाच-सहा लिटरचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भोवती वीतभर अंतरावर झाडे लावावीत, मडके भरून तोंडावर झाकण ठेवावे. माती कोरडी झाली की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते. ओली असली की ओढ थांबते. म्हणजे किती पाणी द्यावयाचे हे झाडाची गरजच ठरविते. काळ्या मातीत मडक्याभोवती थोडी वाळू व शेणखत मिसळावे. माठ जुना होऊन पाणी गार करीनासा झाला असेल, तर त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. असा माठ या कामी घेऊ नये.

स्वयंपाकघरातील तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी बागेस निःशंक द्यावे. मिठाचे पाणी देऊ नये आणि धुण्याच्या पावडरीचे तर मुळीच नाही. तीतील सोड्याने काळी माती दगडासारखी होते. आंघोळीचे पाणी कर्दळीला किंवा केळीला चालते, पण तेथेही अधूनमधून स्वच्छ पाणी द्यावे.

आता पावसाच्या पाण्याविषयी. सुरतेस वर्षाकाठी सरासरी सुमारे १२०० मिलीमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीस चौरस मीटरच्या छपरावर वर्षात छत्तीस हजार लिटर पडतात. ऐकून हरखून जाऊ नये. दोनशे लिटरचे पिंप सात मिलीमीटर पावसातच भरते आणि ते वैशाखापर्यंत पुरत नाही. पिंपाचा उपयोग पावसाने दडी मारली तर. बाकीचे पाणी विटांचे तुकडे व वाळू भरलेल्या शोषखड्ड्यात सोडून जमिनीत मुरवावे. पिंपाचे तोंड फडक्याने घट्ट बांधावे आणि आठवड्यातून एकदा ते घासून कोरडे करावे. नाही तर बागेबरोबर डेंग्यूचे डासही वाढतील.

झाडांची निवड हाही काटकसरीचाच भाग. कढीपत्ता, शेवगा, कोरफड, गवती चहा ही मंडळी एकदा रुजली की थोडक्यात भागवतात. पालेभाज्या दसऱ्यानंतर कराव्यात, भर उन्हाळ्यात नव्हेत. अळू ज्याला हवे त्याने ते मोरीच्या ओलीवर लावावे.

शेवटी एक गोष्ट खानदेशातील आप्तांनी स्मरावी. पांझरा आणि मोसम या नद्यांवर शतकानुशतके फड पद्धत चालत आली. बंधारा गावाचा, पाट गावाचा, आणि पाणी सोडण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचे. आपल्या शेताचे बारे शेतकऱ्याने मनास येईल तेव्हा फोडावयाचे नाही, हा दंडक. त्या पाटाची लांबी मैलांची होती, आपल्या गल्लीची शंभर पावलांची आहे. तेव्हा येत्या उन्हाळ्यात गल्लीतील घरांनी एकत्र बसून एवढे ठरवावे, की शेवटच्या घराचे हंडे भरल्याखेरीज कोणाच्याही अंगणात नळी लागणार नाही, आणि बागेस पाणी पडेल ते बादलीने आणि तांब्याने. एवढ्या पाण्यावर तुळस हिरवी राहते आणि मोगराही फुलतो.