गर्भाशयाची गाठ हृदयापर्यंत पोहोचते तेव्हा

"गाठ साधी आहे, कॅन्सर नाही," असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. फायब्रॉईडच्या गाठी कितीतरी महिलांना असतात. मात्र एका दुर्मिळ आजारात हीच साधी गाठ गर्भाशयाच्या शिरेत शिरते आणि दोरीसारखी वाढत, पोटातील महाशिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचते. इंट्राव्हेनस लायोमायोमॅटोसिस हे त्याचे नाव. वैद्यकशास्त्रात त्याची नोंद १८९६ पासून आहे.

कॅन्सर नसला तरी यात जीव जाऊ शकतो, कारण गाठ हृदयाच्या झडपेत अडकली की रक्ताचा रस्ताच बंद होतो. धाप लागते, पाय सुजतात, अचानक भोवळ येते. इकोमध्ये काहीतरी हलताना दिसते आणि ती रक्ताची गुठळी समजून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू होतात. त्याने ही गाठ विरघळत नाही. पिशवी काढल्यानंतर कित्येक वर्षांनीही हा आजार दिसू शकतो. पण जुन्या ऑपरेशनचा धापेशी काय संबंध, असे वाटून बाई ते सांगतच नाही.

इलाज ऑपरेशनच. हृदयाचे आणि स्त्रीरोगाचे सर्जन मिळून ते करतात. गाठ हृदयात गेली असेल तर बहुधा छाती उघडून, हार्ट-लंग मशीनवर रक्त फिरवत ठेवून हृदयातला भाग मोकळा करतात. पोटाच्या बाजूने महाशीर उघडून उरलेली दोरी ओढून काढतात. ती शिरेच्या भिंतीला फारशी चिकटलेली नसेल तर सलग निघते. काही ठिकाणी सगळे एकाच वेळी करतात, रुग्ण अशक्त असेल तर दोन टप्प्यांत.

ही गाठ इस्ट्रोजेनवर पोसते, म्हणून गर्भाशयासोबत बीजांडकोशही काढण्याचा सल्ला दिला जातो. तरुण मुलीसाठी हा निर्णय सोपा नाही. तो तिला नीट समजावून, तिच्या संमतीनेच व्हायला हवा. नवरा-सासूच्या सहीवर उरकण्याची ही गोष्ट नव्हे. आत तुकडा राहिला तर गाठ पुन्हा वाढते, म्हणून पुढे अनेक वर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.

आपण कार्यकर्ते रुग्णासोबत दवाखान्यात जातो तेव्हा जुन्या ऑपरेशनची फाईल आणि बायॉप्सीचा रिपोर्ट शोधून सोबत घ्यावा. तो कपाटात नसेल तर ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात मागावा. खर्च योजनेत बसतो का, हे भरती होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारावे.