सतरा पायऱ्यांवरचं हापिस

“सून हापिसाला गेलीय, रात्री नऊनंतर या,” असं सासूबाई दारातल्या बाईला सांगत होत्या आणि त्याच वेळी माडीवरून सुनेचा इंग्रजीतला आवाज खाली येत होता. अहमदपुरातल्या या घराचा दिवस एकदा नीट पाहायचा, असं मी तेव्हाच ठरवलं.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही सून पुण्याहून इथं आली. पुढंही कंपनीनं तिला घरूनच काम दिलं. सकाळचं पाणी, धुणं, पोराचा डबा चार घरांसारखाच. दुपारी एकला ती इस्त्रीचा कुडता घालते आणि सतरा पायऱ्या चढते. सतरा हा आकडा सासूबाईंचा. गुडघे दुखतात म्हणून त्यांना तो पाठ आहे. नियमही त्यांचाच: सून वर गेली की हाक मारायची नाही, दारात कोणीही येवो. वेळेच्या नियोजनावरचे सल्ले ढिगानं मिळतात, पण या एका नियमाची सर मला कशालाच दिसली नाही.

लाइट गेली तर इन्व्हर्टर, नेट गेलं तर मोबाइल. खरी ओढाताण संध्याकाळची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी नऊला मीटिंग; ती इथं उन्हाळ्यात साडेसहाला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागं जातात, की तीच मीटिंग साडेसातला, ऐन भाकरीच्या वेळी. “त्यांचं घड्याळ सरकलं की आमचा तवा सरकतो,” सासूबाई म्हणाल्या. मार्चमध्ये पुन्हा उलटं.

त्या संध्याकाळी खाली ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या. खाट सतरा पायऱ्या चढून गेला. तिनं माइक बंद केला, ओढणीत तोंड खुपसून खोकली, माइक सुरू केला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. पलीकडं कुणाला काही कळलं नसणार. घरून काम म्हणजे आराम, असं म्हणणाऱ्यांना तो खोकला ऐकवायला हवा. नऊला ती उतरली. भाकरी झालेल्या होत्या. भांडी तिच्यासाठी होती. साडेदहाला फोन वाजला. “पाचच मिनिटं,” म्हणत ती पुन्हा सतरा पायऱ्या चढली.

कामाच्या वेळेनंतर असे फोन न घेण्याचा हक्क फ्रान्सच्या कायद्यात २०१७ पासून आहे. आपल्याकडं खासदार सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं; त्याचा कायदा झाला नाही.